पोट लहान झालं, पण बी१२चं काय?

आतडं वळवलं की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि म्हणून माणूस बारीक होतो, असं वजनाच्या ऑपरेशनबद्दल बहुतेकांना वाटतं. ते थोडंच खरं आहे. नीट अंगी लागत नाहीत ती मुख्यतः खनिजं आणि जीवनसत्त्वं.

कॅलरीचा हिशेब

‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अमेरिकेत २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बायपासआधी आणि नंतर शोषण मोजलं होतं. चरबीचं शोषण ९२ टक्क्यांवरून पाच महिन्यांत ७२ टक्क्यांवर आलं, प्रथिनांचंही घटलं, पिष्टमय पदार्थांचं मात्र जवळपास तेवढंच राहिलं. चौदा महिन्यांनी शरीराला मिळणाऱ्या एकूण कॅलरीत जी घट झाली, तिच्यातला ११ टक्के वाटा शोषण कमी झाल्याचा होता. बाकी सगळी घट कमी खाल्ल्यामुळे. त्यामुळे दिवसभर थोडं थोडं फरसाण आणि गोड चहा चालू राहिला, तर वजन परत चढतं. आतडं काही वाचवायला येत नाही.

लोह आणि कॅल्शियम

दोन्ही मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषली जातात. बायपासनंतर अन्न नेमकं तिथूनच जात नाही. शिवाय जठरातलं आम्ल घटतं, आणि पालक-मेथीतलं लोह आधीच अवघडपणे शोषलं जाणारं. पाळी चालू असलेल्या बाईला याचा फटका सर्वात आधी बसतो.

पुण्याची खास अडचण

अन्नातलं बी१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं आणि पुढे शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन. बी१२ शोषणारं लहान आतड्याचं शेवटचं टोक ऑपरेशननंतरही शाबूत असतं, पण तिथवर पोचणारं बी१२च तुटपुंजं. यकृतात साठा चांगला असेल तर वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही. आपल्याकडे हा साठाच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ निरोगी पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांचं बी१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. पुण्यातल्या वाघोलीच्या सोसायट्यांमधला बैठ्या नोकरीचा वर्ग याच गटात मोडतो. माझ्या मते शाकाहारी माणसानं ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी बी१२ तपासून कमतरता भरून काढावी.

गोळ्या आणि ताट

गोळ्या जन्मभर. बी१२चा मोठा डोस जठरातल्या त्या प्रथिनाशिवायही थोडा शोषला जातो, म्हणून गोळी चालते, नाहीतर इंजेक्शन. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. कॅल्शियम सायट्रेट आम्लाशिवायही शोषलं जातं, म्हणून तेच बरं. प्रथिनं साधारण ६० ग्रॅम लागतात आणि ताट वाटीएवढं झालेलं असतं. तेव्हा आधी पनीर, अंडं किंवा मटकीची उसळ. भाकरी जागा उरली तर. बायपासनंतर बासुंदीची वाटी झटकन आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होऊ शकतात.

उलट्या थांबत नसतील तर

पोटात काही टिकत नसेल, तर बी१ या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो. सतत उलट्या, चालताना तोल जाणं, दुहेरी दिसणं अशी लक्षणं दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि वजनाचं ऑपरेशन झालं आहे हे आधी सांगावं. ग्लुकोजचं सलाइन लावण्यापूर्वी बी१ द्यावं लागतं.