चिंचोके किती सरकवायचे?

गौरी-गणपतीत रात्रीची आरती आणि भजन आटोपलं की अष्टागरातल्या आणि पुढे मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या घरांतून ओसरीवर सतरंजी पडते आणि पत्ते पिसायला घेतले जातात. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात हे सगळ्यांचे खेळ. रात्र चढली की मोठी माणसं तीन पत्तीवर येतात. अलीकडे याच सतरंजीवर मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली भाचे-पुतणे मंडळी ‘टेक्सस होल्डेम’ मांडू लागली आहेत. पोकरचा हा प्रकार तीन पत्ती खेळणाऱ्याला तासाभरात जमतो. पण त्यात बोली किती लावायची आणि समोरच्याच्या हातात काय असेल हे कसं ओळखायचं, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो लहान पैजेच्या डावापुरता आहे. लाखांच्या टेबलावर बसणाऱ्यांचं गणित बरंच वेगळं असतं.

हिशेब मी चिंचोक्यांत मांडतो. प्रत्येकाला दोनशे चिंचोके मोजून द्यायचे. पैसे लावून जुगाराचा अड्डा चालवणं महाराष्ट्रात १८८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. चिंचोक्यांनी खेळाची गंमत कमी होत नाही. मात्र ते संपले की डावातून उठायचं, हा नियम कडक पाळायचा. हरण्याची किंमतच नसेल तर बोलीला अर्थ राहत नाही.

आता खेळ. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मध्ये सगळ्यांच्या मालकीची पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून प्रत्येकजण आपली सर्वांत चांगली पाच धरतो. पानं वाटल्यावर एकदा, आणि प्रत्येक उघडणीनंतर एकदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. आपल्या पाळीला कुणी बोली लावलेली नसेल तर न लावता पुढे जाता येतं. त्याला चेक म्हणतात. बोली लागली असेल तर तेवढीच भरायची, वाढवायची किंवा पॅक व्हायचं, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर पडायचं. तीन पत्तीतल्या बूटऐवजी इथे वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे सक्तीने अनुक्रमे एक आणि दोन चिंचोके टाकतात. पानं बघण्याआधी टाकतात म्हणून त्यांना ब्लाइंड म्हणतात, पण तीन पत्तीसारखं पुढेही पानं न बघता खेळणं असा त्याचा अर्थ नाही.

तीन पत्तीवाल्यांची एक गोष्ट पहिल्याच रात्री चुकते, म्हणून ती आधी सांगतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरच्या (सगळी एकाच रंगाची पानं) वर असते, होल्डेममध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. हा नियम लहरीने केलेला नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात निघतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० वेळा येते आणि कलर १,०९६ वेळा. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पानं वाढली तशी दुर्मिळता उलटली, म्हणून मानही उलटला. (तीन पत्तीत मात्र एक अन्याय तसाच राहून गेला आहे. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सिक्वेन्स, फक्त ४८ प्रकारे, तरी मान ट्रेलचाच मोठा.)

दोन खेळांतला खरा फरक बोलीच्या आकारात आहे. तीन पत्तीत चाल चालू बोलीच्या ठरलेल्या पटीतच करता येते, त्यामुळे चालीवरून माणसाबद्दल फारसं कळत नाही. ‘नो लिमिट’ होल्डेममध्ये हातातले सगळे चिंचोके कधीही पुढे ढकलता येतात. किती ढकलायचे हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं, आणि म्हणून तो आकडा बोलका होतो. कोळीवाड्यातल्या लिलावात मुरलेली बाई समोरचीच्या तोंडाकडे बघत नाही, तिची बोली पाचाने वाढते की पन्नासाने, तेवढंच ऐकते. होल्डेममध्येही कान तिथेच ठेवायचे.

पण समोरच्याकडे बघण्याआधी आपल्याला परवडतं काय, हे कळायला हवं. समजा पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगात, ६० चिंचोके आहेत आणि समोरच्याने ३० लावले. आता तिथे ९० आहेत आणि आपण ३० भरायचे आहेत. भरल्यावर एकूण होतील १२०. म्हणजे आपण चारातून एकदा जिंकत असलो तरी ही बोली परवडते. त्याने पूर्ण ६० लावले असते तर तिनातून एकदा जिंकायला हवं होतं. फक्त १५ लावले असते तर सहातून एकदा जिंकूनही भागलं असतं. नियम एकच: आपण भरणार ती रक्कम, भागिले भरल्यानंतरचा एकूण पॉट.

आता जिंकण्याची शक्यता. आपल्या हातात दोन बदाम आहेत, मधल्या तीन पानांत आणखी दोन बदाम उघडले. तेरांपैकी चार दिसले, नऊ उरले. न दिसलेली पानं ४७. पुढचं पान बदाम निघण्याची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे साधारण १९ टक्के. पुढची दोन्ही पानं फुकट बघायला मिळाली तर ३५ टक्के. पहिल्या उदाहरणातल्या तीस चिंचोक्यांना २५ टक्के हवेत आणि आपल्याजवळ १९ आहेत, म्हणजे ही बोली महाग आहे. पंधरा चिंचोक्यांना १७ टक्के पुरतात, तिथे खुशाल भरावेत. यात एक कंगोरा आहे. कलर लागल्यावर समोरचा आणखी चिंचोके देईल अशी खात्री असेल तर थोडं महाग पानही घेता येतं. घरच्या डावात ही खात्री बऱ्याचदा असते, कारण इथे एकदा गुंतलेला माणूस सहसा पॅक होत नाही.

लहान डावाचं सगळं वैशिष्ट्य त्या एका सवयीत आहे. इथे लोक पानं बघायला बसलेले असतात. ‘बघू तरी काय आहे तुझ्याकडे’ असं म्हणत काका दहा-वीस चिंचोके सहज टाकतात. तरी डावात नव्याने आलेल्यांना वाटतं की पोकर म्हणजे थापा. सिनेमात शेवटच्या पानावर रिकाम्या हाताने सगळे गारद होतात, ते डोक्यात बसलेलं असतं. थापेचंही गणित आहे. ६० च्या पॉटवर ३० ची थाप मारली तर ती तिनातून एकदा चालली तरी नुकसान नाही. पण समोर तिघे आहेत आणि प्रत्येकजण दहापैकी सहा वेळा पॅक होतो असं धरलं, तर तिघेही एकदम पॅक होण्याची शक्यता ०.६ चा तीन वेळा गुणाकार, म्हणजे २२ टक्क्यांच्याही खाली. तेहतीस हवे होते. शिवाय दहापैकी सहा वेळा पॅक होणारे काका ओसरीवर कुठे सापडायचे?

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये अशा खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक साधं रूप सोडवून दाखवलं आहे. निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: मोठी बोली सर्वांत चांगल्या हातांवर लावायची आणि थाप मारायचीच तर सर्वांत वाईट हातांवर मारायची. मधले हात चेक करून फुकट दाखवायचे. घरच्या डावात नेमकं उलटं दिसतं. मधल्या जोडीवर लोक जोरात बोली लावतात, त्यामुळे कमकुवत हात पळून जातात आणि थांबतात ते फक्त वरचढ.

म्हणून लहान डावातला माझा सल्ला सरळ आहे. चांगला हात आला की बोली लावा, आणि भरघोस लावा. लोक बघायला येणारच आहेत, तर त्यांच्याकडून बघण्याचं मोल घ्या. चांगली पानं दडवून चेक करत बसण्यात हुशारी दाखवल्याचं समाधान मिळतं, चिंचोके मिळत नाहीत. थाप राखून ठेवा ती एकट्या माणसासमोर, आणि तीही चांगल्या पानांची वाट बघणाऱ्या माणसासमोर. प्रत्येक घरात अशा एखाद्या वहिनी असतात, दहा डावांत आठदा शांतपणे पॅक होणाऱ्या. मध्ये एक्का उघडला आणि त्या चेक करून थांबल्या, तर पॉटच्या अर्ध्याची बोली बहुतेक वेळा पुरते. मात्र त्याच वहिनींनी आपण होऊन बोली वाढवली, तर आपली राजांची जोडीसुद्धा हातातून सोडायला शिकलं पाहिजे.

चेहऱ्यावरून ओळखण्याबद्दल फार बोललं जातं. अमेरिकी लेखक माइक कॅरो यांनी १९८४ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं सार इतकंच, की जो मुद्दाम हताश दिसतो त्याच्याकडे बहुधा काहीतरी असतं आणि जो मुद्दाम ऐट दाखवतो त्याच्याकडे नसतं. खरं आहे, पण घरची माणसं आपल्याला लहानपणापासून ओळखतात आणि नाटकही छान करतात. मला भरवशाच्या वाटतात त्या न ठरवता होणाऱ्या हालचाली. मध्ये तिसरा बदाम उघडल्यावर एखादा आपली पानं पुन्हा उचलून बघतो. दोन्ही बदाम असते तर त्याला ते आठवले असते. तो बघतोय ते आपल्या दोन पानांतलं एखादं तरी बदामचं आहे का. याउलट पान उघडताच ज्याची नजर क्षणभर स्वतःच्या चिंचोक्यांच्या ढिगाकडे जाते, त्याला बहुधा ते पान आवडलेलं असतं. म्हणून मधलं पान उघडताना पानाकडे बघू नये, माणसांकडे बघावं. पान कुठे जात नाही.

आता एक पूर्ण डाव सावकाश बघू. आपण वाटणारे आहोत, म्हणजे मधली पानं उघडल्यावर सगळ्यांच्या शेवटी बोलणार. ही या खेळातली सर्वांत चांगली जागा, कारण बाकीच्यांनी काय केलं ते कळल्यावर आपण ठरवतो. आपल्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. काका दोन चिंचोके भरतात, भाचा दोन भरतो. आपण दहा करतो. ब्लाइंडवाले दोघे पॅक, काका आणि भाचा दहा पुरे करतात. पॉट ३३.

मधली पहिली तीन पानं: बदामची राणी, बदामची सत्ती, किलवरची तिर्री. आपल्याला राण्यांची जोडी, आणि सोबतीला एक्का. दोघे चेक करतात. इथे पाच-सहा चिंचोके टाकण्याचा मोह होतो, कारण ‘घाबरून पळतील’ असं वाटतं. पण दोन बदाम समोर आहेत. हातात दोन बदाम असलेल्याला पान स्वस्तात द्यायचं नाही. आपण २२ लावतो. त्याने भरले तर पॉट ७७ होईल, म्हणजे त्याला जवळपास २९ टक्के हवेत आणि पुढच्या पानाला त्याच्याजवळ १९ आहेत. काका विचार न करता भरतात. भाचा पॅक. काकांचं हे झटपट भरणं ऐकून ठेवायचं. राणीच्या वरचढ काही असतं तर वाढवू का, असा क्षणभर तरी विचार झाला असता. बहुधा बारीक जोडी किंवा बदाम.

चौथं पान इस्पिकची दश्शी. काहीच बदललं नाही. काका चेक, आपण ४५, काका पुन्हा भरतात. पॉट १६७, दोघांकडे प्रत्येकी १२३ उरले.

शेवटचं पान काळं आणि निरुपद्रवी निघालं असतं आणि काकांनी पुन्हा चेक केलं असतं, तर आपण आणखी साठेक लावायचे होते. काका दश्शीच्या जोडीवरही बघायला आले असते. आपल्याकडे चांगला हात आहे हे माहीत असूनही इथे चेक करून पानं दाखवणारे लोक रात्रभरात सर्वांत जास्त चिंचोके असे सोडून देतात.

पण पान निघतं बदामची छक्की. तीन बदाम. आणि तीन फेऱ्या नुसते भरत आलेले काका आपण होऊन शंभर पुढे सरकवतात.

हिशेब करा. १६७ अधिक त्यांचे १०० अधिक आपले १००, एकूण ३६७. त्यात आपले १००, म्हणजे २७ टक्के. शंभरातून सत्तावीस वेळा राण्यांची जोडी वरचढ ठरेल का? काकांनी रात्रभर कुणाला थाप मारलेली नाही. ते नेहमी भरतात, लावत नाहीत. आता लावले ते तिसरा बदाम आल्याबरोबर, आणि लावले ते पॉटच्या निम्म्याहून जास्त. पान उघडल्यावर त्यांनी आपली पानं परत उचलूनही बघितली नाहीत. सत्तावीस सोडाच, दहा टक्केसुद्धा मी धरणार नाही. एक्का-राणी झाकून सरकवायची आणि काकांनी पानं दाखवायला नकार दिला तर आग्रह करायचा नाही.

हेच शंभर भाच्याने लावले असते तर मी भरले असते. तो प्रत्येक दुसऱ्या डावात बोली वाढवतो, मागच्या तासात दोनदा रिकाम्या हाताने पकडला गेला आहे, आणि तिसरा बदाम पडल्यावर त्याने पानं उचलून पुन्हा बघितली असती तर माझा हात आणखी लवकर चिंचोक्यांकडे गेला असता. पानं तीच, पॉट तोच, सत्तावीस टक्के तेच. भाच्याच्या बाबतीत ते सहज भरतात.