उंच जीप, डगमगते स्टिअरिंग

रविवारी सकाळी पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या उंच केलेल्या जीप आणि थार आता नवलाच्या राहिल्या नाहीत. आपल्या तरुणांनाही हा शौक लागला आहे. जीपशी आपले नातेही जुने आहे. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. भारतात जीप घरोघरी पोहोचवली ती याच कंपनीने.

गाडी उंच केली की स्टिअरिंग का बिघडते? सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो थोडा तिरपा असतो, म्हणूनच चाक आपोआप सरळ धावते. मोटारीत या तिरकेपणाला कास्टर म्हणतात. जुन्या पाट्यांच्या जीपला लांब शॅकल लावले की हा कोन बदलतो आणि गाडी रस्ता सोडून भटकू लागते. स्टिअरिंगचा दांडाही जास्त तिरपा होतो. मग खड्ड्यात पाटे दबले की तोच दांडा चाकाला ढकलतो आणि गाडी आपोआप एका बाजूला ओढली जाते. थारची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात. तिथे बॉल जॉइंट आणि अॅक्सलच्या सांध्यांवर ताण येतो, त्यांची रबरी टोपणे फाटतात.

इलाज क्रमाने करावा. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग तपासा. मग एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवावे आणि मिस्त्रीने खालून टाय रॉड, बॉल जॉइंट, बुश पाहावेत. जिथे ढिलेपणा दिसेल, तो भाग बदला. त्यानंतर कोन सुधारा: पाट्याखाली योग्य पाचर, दांडा सरळ करणारा पिटमन आर्म आणि शेवटी अलाइनमेंट. बरेच जण आधीच स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. त्याने थरथर दबते, पण ढिला सांधा ढिलाच राहतो.

भर वेगात चाके थडथडू लागली तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू कमी होऊ द्या आणि गाडी कडेला घ्या.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते आणि त्याचा भार साऱ्या घरावर येतो.

उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतो. गाडीत बसलेले आणि रस्त्याने पायी चालणारे, सगळ्यांचे जीव चालवणाऱ्याकडे अमानत असतात. तेव्हा मुलगा लिफ्ट किटसाठी पैसे मागू लागला, तर नुसते ‘नाही’ म्हणू नका. स्टिअरिंग कोण तपासणार आणि आरटीओचे काय, हे दोन प्रश्न त्याला आधी विचारा.