नटाची परीक्षा आणि स्वगताची निवड

नाटकांत काम मिळावें अशी इच्छा धरणाऱ्या तरुणास वा तरुणीस प्रथम एका लहानशा परीक्षेस बसावें लागतें. समोर दोन-तीन परीक्षक असतात आणि 'एखादें स्वगत म्हणून दाखवा' अशी आज्ञा होते. हातीं मिनिटें अवघीं दोन-तीन. कित्येक वर्षांच्या हौसेचा निकाल त्यांत लागावयाचा असतो. आणि उतारा चुकीचा निवडला असेल, तर चांगल्या नटाचेंही तेज त्यांत झांकून जातें.

सर्वांत मोठा मोह प्रसिद्ध उताऱ्याचा. वि. वा. शिरवाडकर यांचें 'नटसम्राट' १९७० सालीं रंगभूमीवर आलें आणि डॉ. श्रीराम लागू यांनीं गणपतराव बेलवलकर उभे केले. तेव्हांपासून त्यांतील स्वगतें घरोघर पाठ झालीं आहेत. विशीच्या तरुणानें तीं म्हणावयास घेतलीं कीं, परीक्षकाच्या कानांत लागूंचाच आवाज घुमूं लागतो. शिवाय ती भूमिका करतांना लागू त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि वृद्ध नटाचें दुःख प्रेक्षकांच्या गळीं उतरविण्यास त्यांच्यापाशीं संपूर्ण नाटक होतें. उमेदवारापाशीं तो अवकाश नाहीं. म्हणून आपल्या वयास व आवाजास जवळचें पात्र निवडणें श्रेयस्कर.

दुसरी कसोटी अशी कीं, त्या घटकेस पात्राला कोणापासून तरी कांहीं हवें असलें पाहिजे. केवळ गतगोष्टी सांगणारें भाषण वाचावयास गोड लागतें, पण नटास करावयास कांहीं देत नाहीं. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकांत खोट्या खटल्याच्या अखेरीस लीला बेणारे बोलूं लागते. पुष्कळ मुली तें भाषण पहिल्या वाक्यापासून रडत म्हणतात. वास्तविक त्यांत उपरोध आहे, विद्यार्थ्यांविषयींची माया आहे, जगण्याची ओढ आहे. हीं वळणें दिसलीं तरच शेवटचें दुःख खरें वाटतें.

तिसरी गोष्ट, ज्या नाटकांतून उतारा घ्यावयाचा तें नाटक आरंभापासून अखेरपर्यंत वाचावें. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकांतील सुधाकराचें भाषण घेतलें कीं, उमेदवार बहुधा झोकांड्या खाऊं लागतो. संपूर्ण नाटक वाचलेल्यास ठाऊक असतें कीं, हा बुद्धिमान व मानी वकील सनद स्थगित झाल्याच्या अपमानांतून प्याल्याकडे वळला आहे. तो मानीपणा आवाजांत उतरला म्हणजे नशा दाखविण्याची फारशी गरज उरत नाहीं.

निवड झाल्यावर उतारा घड्याळ लावून म्हणून पाहावा. लांबत असल्यास अर्थाला धक्का न लावतां कमी करावा. घाईनें संपविणें मात्र टाळावें. ज्याच्याशीं बोलावयाचें तो माणूस परीक्षकांच्या किंचित् बाजूस आहे असें कल्पावें. त्यांच्याच डोळ्यांत पाहून बोलल्यास त्यांना अवघडल्यासारखें होतें.

घरांतील वडील मंडळींसही एक विनंति आहे. मुलामुलींचा उतारा ऐकतांना 'अमुक नट असें म्हणत असे' ही तुलना करूं नये. 'तूं कोणाशीं बोलतो आहेस आणि तुला काय हवें आहे?' एवढेंच विचारावें. याचें उत्तर ज्याला चटकन् देतां आलें, त्याची निवड बहुधा योग्य झालेली असते.