चित्रकथीची पोथी आणि अंकीय जतन

पारंपरिक कलांचे अंकीय माध्यमात जतन व्हावे, याविषयी आज फारसे दुमत नाही. परंतु जतन करावयाचे ते नेमके काय, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही. चित्र आणि कथन यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या कलांच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. कोकणातील चित्रकथी हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ही परंपरा आजतागायत सांभाळली आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाच्या सुट्या चित्रांचा जो संच, त्यास ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने त्यावरील प्रसंग गातो व सांगतो.

येथे अन्य भारतीय परंपरांशी तुलना उद्बोधक ठरते. बंगालच्या पटुआचा पट उलगडत जातो, तेव्हा प्रसंगांचा क्रम त्या पटानेच निश्चित केलेला असतो. राजस्थानी भोप्याच्या फडावर सर्व प्रसंग एकाच वेळी दृष्टीस पडतात. त्यांतून वाट काढतो तो गायक. चित्रकथीची पाने मात्र सुटी असतात. त्यांना कथेच्या सूत्रात ओवणारा धागा कागदावर नसून कथेकऱ्याच्या स्मरणात आणि वाणीत असतो. म्हणून ही पोथी म्हणजे पूर्ण संहिता नव्हे. ती संहितेचे केवळ दृश्य अंग होय.

हे ध्यानात न घेता प्रत्येक पानाची स्वतंत्र प्रतिमा संगणकात साठविली, तर रंग आणि रेषा टिकतील, पण आख्यान विस्कटेल. असे विलगीकरण पूर्वीही घडले आहे. संग्रहालयांत ही चित्रे दीर्घकाळ ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली गेली; त्या नावात संग्रहस्थानाचा निर्देश राहिला, कथनाचा लोपला. अंकीय सूचीत तोच प्रमाद अधिक वेगाने आणि अधिक व्यापक प्रमाणावर होण्याचा संभव आहे.

तथापि याच तंत्रज्ञानात त्यावरचा उपायही आहे. पानाच्या दोन्ही बाजू, त्यांचा परस्परसंबंध आणि प्रत्येक चित्रासमवेत होणारे गायन-निवेदन यांची एकत्रित नोंद ठेवणे आज सहज शक्य आहे. निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली पाने पडद्यावर शेजारी-शेजारी मांडून त्यांचा मेळ घालता येतो. एकाच पोथीची दोन कथेकऱ्यांनी केलेली निवेदने जवळजवळ ठेवली, तर पाठभेदांच्या अभ्यासाला मौखिक वाङ्मयाचे एक नवे क्षेत्र लाभेल.

मात्र यांतील चित्राचे काम उद्यावर ढकलता येईल, वाणीचे नाही. जीर्ण पानाची प्रतिमा पुढेही घेता येते. कथेकऱ्यासह गेलेला कथेचा क्रम पुन्हा मिळत नाही. म्हणून चित्रकथीच्या जतनाची जबाबदारी केवळ कलासंग्राहकांवर सोपविणे योग्य नव्हे. ती तितकीच वाङ्मयाच्या अभ्यासकांचीही आहे.