गार्नर : कोठारातून आलेलं क्रियापद

मागे एका इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत एक वाक्य माझ्या वाचण्यात आलं. 'आईनं अंगणातला कचरा गोळा केला' असं मुलाला सांगायचं होतं, आणि 'गोळा केला' यासाठी त्यानं 'गार्नर' हे क्रियापद योजलं होतं. शब्दकोशात गार्नर म्हणजे गोळा करणे. मुलानं ते पाठ केलं नि वापरलं. मी लाल रेघ मारली खरी, पण मनात आलं, चूक त्याची, की एका शब्दापुढं एकच प्रतिशब्द लिहून देणाऱ्या आम्हा मास्तरांची?

हा शब्द मुळात नाम. लॅटिनमध्ये 'ग्रानुम' म्हणजे दाणा आणि 'ग्रानारियुम' म्हणजे दाण्यांचं कोठार. जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत तो इंग्लंडात पोचला नि गार्नर झाला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, खळ्यावरचा एक दृष्टान्त आहे. धान्य पाखडायचं, गहू कोठारात भरायचा आणि भूस जाळून टाकायचं. तिथं कोठाराला गार्नर हाच शब्द आहे. म्हणजे पाहा, जे राखून ठेवण्याजोगं तेच गार्नरमध्ये जायचं. आमच्या विद्यार्थ्याचा कचरा तिथं कसा शिरणार?

चौदाव्या शतकात या नामाचं क्रियापद झालं : धान्य कोठारात घालणे, आपल्या भाषेत कणगीत किंवा पेवात भरणे. (त्याच 'ग्रानुम'चा पोर्तुगीज वंशज 'ग्राँव'. त्यावरून हिंदुस्थानातले इंग्रज हरभऱ्याला 'ग्राम' म्हणू लागले. वजनाचा ग्राम मात्र ग्रीक घराण्यातला. दोघांची सोयरीक लावू नये.)

पुढं दाण्यांबरोबर माणसाच्या इतर मिळकतीही या कोठारात आल्या. अनुभव, माहिती, ज्ञान. थोडं थोडं वेचून जपलेलं जे जे, त्याला गार्नर शोभतो. अशा वेळी 'गोळा केला' म्हणण्यापेक्षा 'गाठीशी बांधला' म्हणावं. अनुभव गोळा करत नाहीत, तो गाठीशी असतो.

आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र साठवणीचा अर्थ बराचसा गळून पडला आहे. अमक्या उमेदवारानं इतकी मतं गार्नर केली, तमक्या चित्रपटानं वाहवा गार्नर केली. मतं काही कणगीत राहत नाहीत! इथं अर्थ 'मिळवणे', आणि मराठीत सरळ 'पदरात पाडून घेतली' म्हणावं. टीका गार्नर झाली, असंही छापून येतं. मला ते खटकतं, कारण टीका कोणी जपून ठेवत नाही. पण वापर इतका रुळला आहे की चूक म्हणून गुण कापता येणार नाहीत.

शिक्षकांसाठी आणखी एक. सरपण, फुलं, गुरं, माणसं यांना 'गॅदर' हे साधं क्रियापद पुरतं; तिथं गार्नर नको. आणि मुलं 'गार्निश'शी घोटाळा करतात. गार्निश म्हणजे पोह्यांवर कोथिंबीर-खोबरं पेरणं. त्याचा कणगीशी काही संबंध नाही.