एकच पत्ता, दोन अर्थ

आज एका छोट्याशा कामाबद्दल बोलू या: मजकूर म्हणून आलेला आयपी पत्ता वाचून त्याचे चार बाइट करणं. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. यात अवघड काय, असं वाटतं ना? मग हा पत्ता बघा: ०१७७.०.०.१.

तुम्ही घाईत लिहिलेला कोड पुढचं शून्य सोडून देईल आणि म्हणेल, हा १७७.०.०.१. बाहेरचा पत्ता आहे, जाऊ द्या. पण सी भाषेतलं आयनेट एटॉन हे जुनं फंक्शन सुरुवातीला शून्य दिसलं की तो आकडा अष्टमान पद्धतीने वाचतं. अष्टमानातले १७७ म्हणजे आपले नेहमीचे १२७. म्हणजे पत्ता झाला १२७.०.०.१, आपलंच मशीन! तपासणी एका पत्त्याची झाली आणि जोडणी भलत्याशीच. सर्व्हरच्या आतल्या सेवा बाहेरच्या माणसाला अशा उघड्या पडू शकतात. हे नुसतं पुस्तकी नाही. पायथनच्या आयपी पत्ते वाचणाऱ्या मॉड्यूलमध्ये हीच त्रुटी होती, ३.९.५ आवृत्तीपासून पुढे शून्य असलेले आकडे ते नाकारतं. गो भाषेनेही १.१७ मध्ये तेच केलं.

मग करायचं काय? आयनेट पीटॉन वापरा. त्याला चारही भाग लागतात, १२७.१ असा तोकडा पत्ता ते घेत नाही, आणि आयपीव्ही ६ सुद्धा वाचतं. लिनक्स आणि मॅकवर ते आहेच, विंडोजवर व्हिस्टापासून आहे. तिथे हेडर फाइल मात्र वेगळी आणि विनसॉक लायब्ररी जोडावी लागते.

आता एक खाच लक्षात ठेवा. पत्ता चुकीचा असेल तर हे फंक्शन उणे एक नाही, शून्य परत देतं. म्हणून ‘उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का’ असं विचारू नका. ‘उत्तर १ आहे का’ एवढंच विचारा. पुढच्या शून्याचा निर्णयही सिस्टिमवर सोडू नका, तो भाग स्वतःच आधी नाकारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पत्ता एकदाच वाचा. मिळालेले बाइट तपासा आणि त्याच बाइटांनी जोडणी करा. मूळ मजकूर पुन्हा दुसऱ्या फंक्शनच्या हातात दिलात, की दुसरा अर्थ निघायला वाट मोकळी.

घरी गेल्यावर हे दोन पत्ते तुमच्या चाचण्यांमध्ये घाला आणि प्रत्येक सिस्टिमवर चालवून बघा.