निरीक्षणगृहाची दिनचर्या आणि सेवकवर्ग

“मुकाट्यानें बैस, नाहीं तर रिमांड होममध्यें नेऊन घालीन!” ही धमकी वऱ्हाडांतील आईबापांच्या तोंडून पुष्कळदां ऐकूं येते. बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें गांव १७२४ सालच्या लढाईमुळें इतिहासांत नांव राखून आहे. परंतु तेथील खोडकर मुलास निजामाची लढाई जितकी दूरची वाटावी, तितकीच रिमांड होमची भीति जवळची वाटते. धमकी देणाऱ्याच्या डोळ्यांपुढें चित्र उभें असतें तें तुरुंगाचें: उंच भिंत, लोखंडी दार, हातीं दंडुका घेतलेला शिपाई. कायदा आज ज्या संस्थेस निरीक्षणगृह म्हणतो ती चालवावी कशी, तेथें कोणतीं माणसें कामास असतात आणि त्यांचा दिवस कसा उगवतो व मावळतो, याची माहिती मात्र फार थोड्यांस असते. ती असणें अगत्याचें आहे. कारण या गृहांचें बरेंवाईट भिंतींच्या उंचीवर अवलंबून नसून आंतील मोठ्या माणसांवर अवलंबून असतें.

मूल तेथें पोंचतें कसें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. समजा, साखरखेर्ड्याच्या शिवारांत विहिरीवरील मोटार चोरीस गेली आणि पंधरा वर्षांच्या एका मुलावर संशय आला. २०१५ सालच्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें त्यास पोलीस कोठडींत अगर तुरुंगांत केव्हांहि ठेवतां येत नाहीं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्याला बाल न्याय मंडळापुढें, म्हणजे चिखलीवरून बुलढाण्यास, न्यावें लागतें. या मंडळांत एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकीं निदान एक स्त्री असावी लागते. मुलास जामिनावर घरीं पाठविणें हा येथें सामान्य नियम आहे. सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतींत सांपडेल, त्याच्या जिवास वा मनास धोका पोंचेल, अथवा न्यायाचा हेतु फसेल, असें मंडळास सकारण वाटलें तरच त्याची रवानगी निरीक्षणगृहांत होते. मग परिवीक्षा अधिकारी पंधरा दिवसांत घरची, शाळेची व सोबत्यांची माहिती काढून अहवाल देतो, आणि मंडळाची चौकशी साधारणतः चार महिन्यांत पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. या सर्व अवधींत मुलावरील आरोप शाबीत झालेला नसतो. ज्यास आपण बंदी समजतो तो न्यायाच्या दृष्टीनें अद्याप निर्दोष असतो, ही गोष्ट गृहांतील प्रत्येक सेवकानें कामावर येतांना मनाशीं बाळगावी लागते.

ही व्यवस्था एका दिवसांत उभी राहिली नाहीं. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा १८५७ सालीं निघाली. १८९७ च्या कायद्यानें अशा शाळांस देशभर आधार मिळाला. मध्यप्रांतांत १९२८ सालीं बोर्स्टल कायदा झाला, आणि नरसिंहपूर येथील बोर्स्टल संस्था पुढें प्रसिद्धीस आली. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांचा कायदा झाला व १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुंबईच्या डोंगरी भागांतील उमरखाडीच्या ज्या जुन्या तुरुंगांत टिळक व आगरकर यांनीं १८८२ सालीं १०१ दिवस काढले, त्याच वास्तूंत पुढें मुलांचें गृह आलें. तुरुंगाची भिंत तीच राहिली, पण आंत राहणाऱ्यांस कैदी म्हणावयाचें नाहीं, असें ठरलें. हा फरक दगडमातीनें घडत नाहीं. तो पहाटे मुलांस हांक मारणाऱ्या माणसाच्या स्वरानें घडतो.

ही माणसें कोण? केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या आदर्श नियमांत शंभर मुलांच्या गृहासाठीं सेवकवर्गाचा नमुना दिला आहे. सर्वांचा प्रमुख अधीक्षक. त्याच्या हाताखालीं दोन समुपदेशक, तीन परिवीक्षा अधिकारी किंवा तत्सम कार्यकर्ते, चार गृहपिता अगर गृहमाता. शिवाय शिक्षक, डॉक्टर व परिचारक, भांडारपाल, स्वयंपाकी, मदतनीस व सफाई करणारे. यादी वाचतांना ती पुरेशी वाटते. परंतु शाळेंतील त्रैराशिक जाणणाऱ्यानें येथें थोडें गणित करून पाहावें. दिवसाच्या आठ आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या एकवीस पाळ्या झाल्या. एक गृहपिता साप्ताहिक सुट्टी घेऊन सहा पाळ्या करतो. चौघांच्या मिळून चोवीस होतात. एकवीस पाळ्या भरून तीन शिल्लक राहतात. याचा अर्थ असा कीं, कागदावर शंभर मुलांमागें चार गृहपिते असले तरी बहुतेक वेळीं प्रत्यक्ष हजर असतो तो एकटा. त्यांतून एक जागा रिकामी राहिली कीं अठराच पाळ्या हातीं उरतात, आणि उरलेल्या तिघांपैकीं कोणास तरी लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागतात. सोळा तास जागलेल्या माणसाकडून शांत स्वराची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. अशा गृहांत मुलांना खोलींत कोंडून ठेवणें हाच सर्वांत सोपा उपाय वाटूं लागतो, आणि मग निरीक्षणगृहाचा तुरुंग होण्यास वेळ लागत नाहीं. मारामारी, पळून जाणें, लहानांवर मोठ्यांची दांडगाई, या गोष्टींचें मूळ पुष्कळदां मुलांच्या स्वभावांत शोधलें जातें. तें प्रथम पाळ्यांच्या तक्त्यांत शोधावें.

म्हणूनच चांगल्या अधीक्षकाचें पहिलें काम म्हणजे हा तक्ता मांडणें. सुट्टी, आजार व रिकाम्या जागा आधींच हिशेबांत धरून, कोणत्या घटकेस कोणतीं मुलें कोणाच्या स्वाधीन आहेत, हें त्यानें नांवनिशीवार लिहून लावावें. “सर्वांनीं लक्ष ठेवावें” असा हुकूम सुटला कीं लक्ष कोणाचेंच राहत नाहीं. बारा मुलें ज्याच्याकडे नांवानिशीं सोंपविलीं आहेत, त्यास कोणता मुलगा दोन दिवस जेवला नाहीं हें कळतें. शंभर मुलें ज्याच्याकडे मोघम सोंपविलीं आहेत, त्यास फक्त आंकडा कळतो.

दिवसाचा क्रम सांगण्यास साधा आहे, पाळण्यास कठीण. नवा मुलगा आला म्हणजे त्याजवळील वस्तूंची यादी करून ती त्याच्यासमक्ष नोंदवितात, वैद्यकीय तपासणी होते, स्नान व स्वच्छ कपडे मिळतात. वयाप्रमाणें मुलांस निरनिराळें ठेवितात. आठ वर्षांचा पोर व सतरा वर्षांचा तरुण एका दालनांत निजतां कामा नयेत. पहाटे उठणें, प्रातर्विधि, प्रार्थना, कवाईत वा योगासनें, न्याहारी. नंतर वर्ग, दुपारचें जेवण, कांहीं हस्तव्यवसाय. सायंकाळीं खेळ, समूहगान, जेवण, थोडें वाचन व निजणें. रविवार व सण यांचा कार्यक्रम निराळा असावा. हें वेळापत्रक मुलांच्या समितीशीं विचारविनिमय करून ठरवावें व सर्वांस दिसेल असें लावावें, असें नियमच सांगतात. आणि त्यांत मोठें शहाणपण आहे. ज्या मुलाच्या घरीं जेवणाची वेळ कधीं ठरलेली नव्हती, त्यास ठरल्या वेळीं पानावर बसावयास मिळणें हाच एक धडा असतो. मात्र न्याहारी एके दिवशीं सातला, दुसऱ्या दिवशीं नवाला, असें झालें कीं मोठ्यांचा शब्द फुकाचा असतो, हाच उलटा धडा तो शिकतो.

या क्रमांतील नाजूक घटका म्हणजे पाळीबदलाची. एक सेवक निघण्याच्या घाईंत असतो, दुसरा नुकताच पोंचलेला असतो, आणि मुलें ही फट बरोबर ओळखतात. यास्तव जाणाऱ्यानें येणाऱ्याच्या समक्ष मुलांची मोजदाद करावी, किल्ल्या हातोहात द्याव्या, आणि दिवसाची हकीकत वहींत लिहून तोंडीहि सांगावी: अमक्याचें आज घरचें कोणी भेटावयास आलें नाहीं, तमक्याची उद्यां मंडळापुढें तारीख आहे, त्या दोघांची दुपारीं बाचाबाची झाली. दहा मिनिटांचें हें काम चुकलें तर रात्रीच्या माणसास आपल्यापुढें काय वाढून ठेवलें आहे, याची कल्पनाच राहत नाहीं. दिवसा वर्ग असतो, खेळ असतो; रात्रीं मुलास फक्त आपला विचार सोबतीस असतो. भेटीस कोणी न आलेलें मूल रात्रीं रडतें, किंवा स्वतःस इजा करूं पाहतें. म्हणून रात्रपाळीस सर्वांत नवख्यास नेमण्याची जी चाल अनेक कार्यालयांत असते ती येथें घातक ठरते. रात्रपाळीस जाणता माणूस हवा.

शिस्तीचा प्रश्न उरतो. संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणें. मराठींत मात्र तिचा अर्थ दंड असा रूढ झाला. हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर गेले आहेत, याची कसोटी निरीक्षणगृहांत लागते. मारहाणीस कायद्याची बंदी आहे. गृहांतील सेवकानेंच मुलास निर्दयपणें वागविलें तर पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पांच लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० सालच्या नियमांनीं अशा संस्थांत सेवकांनीं शस्त्र बाळगण्यासहि मनाई केली आहे. परंतु केवळ बंदीनें काम भागत नाहीं. हातांतील छडी काढून घेतलेल्या सेवकास दुसरें साधन शिकवावें लागतें: भांडण पेटण्यापूर्वीं ओळखणें, दोघांस निराळें करणें, आवाज न चढवितां बोलणें, आणि बोललेला शब्द पाळणें. यासाठीं प्रशिक्षण हवें, वेळेवर पगार हवा, आणि वरिष्ठानें सेवकाचें गाऱ्हाणें ऐकून घेणें हवें. ज्यास वर कोणी सन्मानानें वागवीत नाहीं, तो खालीं मुलांस सन्मानानें वागवील, अशी आशा धरणें कठीण.

अधीक्षकावरहि कोणाची नजर हवी. मंडळानें महिन्यांतून निदान एकदां गृहास भेट द्यावी. तपासणी समितीनें, जिच्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो, तीन महिन्यांतून निदान एकदां यावें, असा कायदा आहे. मुलांसाठीं सूचनापेटी कचेरीपासून दूर, त्यांच्या निजण्याच्या जागेजवळ ठेवावयाची असते, आणि तिची किल्ली अधीक्षकाजवळ न राहतां व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाजवळ राहते. गृहांत किल्ल्या पुष्कळ असतात. परंतु ही एकच किल्ली अशी कीं जी मुलांच्या बाजूनें फिरते. पेटी उघडली जात आहे, आणि लिहिणाऱ्याचा शोध घेतला जात नाहीं, अशी खात्री पटली तरच मुलें तींत चिठ्ठी टाकतात.

माणसांवर भरंवसा ठेवून भिंतीवांचूनहि काम चालतें, याचा दाखला इंग्लंडांत मिळतो. मे १९३० मध्यें फेल्टॅम येथील बोर्स्टलमधून कांहीं मुलें आपल्या शिक्षकांसह पायीं चालत नॉटिंगहॅमजवळच्या लोडॅम या ठिकाणीं गेलीं, आणि तेथें तंबूंत राहून त्यांनीं आपली संस्था स्वतःच्या हातांनीं उभारण्यास आरंभ केला. वाटेंत त्यांच्याभोंवतीं भिंत नव्हती. बरोबर चालणारीं मोठीं माणसें होतीं.

चौकशी संपून तो पंधरा वर्षांचा मुलगा एक दिवस साखरखेर्ड्याच्या बसमधून उतरेल. त्याचें नांव वा ओळख छापण्यास कायद्यानें बंदी आहे. आरोप शाबीत झाला तरी सामान्यतः त्याचा कलंक पुढील नोकरीच्या आड येऊं नये, अशी तरतूद आहे. परंतु गांवाच्या जिभेवर कायदा चालत नाहीं. चार महिने एका दमलेल्या पण समंजस गृहपित्यानें त्यास नांवानें हांक मारण्याची शिकस्त केली असेल, आणि गांवीं पहिल्याच दिवशीं पारावरून “आला रिमांडवाला!” अशी हांक आली, तर ते सारे कष्ट त्या दोन शब्दांत वाहून जातील. निरीक्षणगृहांतील शेवटची पाळी गांवानें करावयाची असते. तिचा तक्ता कोणी मांडीत नाहीं. ज्याच्या दारावरून तो मुलगा जाईल, त्यानें ती आपली समजावी.